परवाना कोणाच्या सहीचा? ठाणे-नवी मुंबईतील शस्त्रकायद्याची पार्श्वभूमी

शस्त्र परवान्याच्या अर्जात नाव-पत्ता, शिक्षण, उत्पन्न, दाखल गुन्हे असे बरेच रकाने असतात. बहुतेक अर्ज मात्र एकाच रकान्याशी येऊन अडतात : शस्त्र कशासाठी हवे? ठाण्यातला बांधकाम व्यावसायिक तिथे 'स्वसंरक्षणासाठी' एवढेच लिहितो, मुरबाडचा शेतकरी 'रानडुकरांसाठी' लिहितो, आणि एवढ्यावर भागेल असे दोघांनाही वाटते. ते का भागत नाही, याचे कारण जुने आहे. शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क असे आपल्या कायद्याने कधीच मानले नाही. ती सरकारने द्यायची परवानगी आहे, आणि मागणाऱ्याने गरज पटवून द्यायची असते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचे कायदे केले. पण देशभर परवाना पद्धत घट्ट बसवली ती लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने. देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग खासच नव्हता. हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना मात्र सूट होती.

या कायद्याची परीक्षा वर्षभरातच, आजच्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जन्मलेल्या माणसाने घेतली. पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशी आणि कोळ्यांना हाताशी धरून बंड केले. पुढे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या घातल्या, त्या लंडनहून चोरून आणलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. बंडाला किंवा कटाला निघालेला माणूस परवान्यासाठी थांबत नाही, कायदा पाळणाराच थांबतो, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि आजही तितकाच खरा आहे. फक्त त्यावरून परवानाच नको असा निष्कर्ष काढायला स्वतंत्र भारतातले कायदेकर्तेही तयार झाले नाहीत.

राष्ट्रीय चळवळीचा या कायद्यावर राग होता. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि वर्णावर आधारलेली सूट गेली, पण परवाना राहिला. कराचीच्या १९३१ च्या काँग्रेस अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. घटनेच्या कलम १९ मध्ये सभेचा हक्क आला तोही 'शांततेने व विनाशस्त्र' या अटीसह. प्रश्न तिथेच मिटला.

१९५९ चा कायदा आणि बंदुकांची उतरंड

सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यातले कलम १३ अर्ज करणाऱ्याने आधी वाचावे, कारण सगळी हत्यारे एकाच तराजूत तोललेली नाहीत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे साधारणपणे १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप), पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला नेमबाजीसाठी रायफल यांच्या बाबतीत कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. अर्थात, नाकारण्याजोगे कारण नसेल तर. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल यांच्यासाठी 'सबळ कारण' अर्जदाराने दाखवावे लागते. कारण सरळ आहे : लांब नळीची बंदूक लपवता येत नाही, कमरेचे हत्यार लपते. शहरात मागणी मात्र नेमकी उलटी. ठाणे, कल्याण, वाशीत जवळजवळ प्रत्येकाला .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हरच हवे असते, आणि त्यातल्या बऱ्याच मागण्यांमागे धोक्यापेक्षा रुबाब जास्त असतो हे पडताळणी करणाऱ्या अंमलदाराला पहिल्या भेटीतच कळते. खंडणीची धमकी आली असेल तर तेव्हाच केलेली तक्रार, तिचा क्रमांक, रोख रकमेची ने-आण असेल तर व्यवसायाचे कागद, असे काही हाती नसेल तर 'सबळ कारण' हवेतच राहते.

पिकाच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. शहापूर-मुरबाडकडे ती शेतीच्या सामानातच मोडत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि बंदुकीचा परवाना असला तरी रानडुक्कर मारण्याचा परवाना त्यात नसतो, ही गोष्ट पुढे आली. शेतात हुसकावण्यासाठी बार काढणे वेगळे आणि जनावर पाडणे वेगळे. जनावर पाडायला वन खात्याची स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती नसेल तर शस्त्र अधिनियमाच्या आधी वन्यजीव कायद्याचा गुन्हा दाखल होतो.

वन्यजीव कायद्याचेच कलम ३४ आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही ही तरतूद लागू आहे. आता नकाशा काढा. येऊरच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, खाडीत २०१५ मध्ये जाहीर झालेले फ्लेमिंगो अभयारण्य, दक्षिणेला कर्नाळा, शहापुरात तानसा. ठाणे शहर, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी ही सगळी एखाद्या तरी वर्तुळात येतात. १९७२ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जंगलाकाठची गावे असणार, वीस मजली सोसायट्या नव्हेत.

आकडा कमी होत गेला

मुळात एका माणसाने किती बंदुका ठेवायच्या यावर बंधन नव्हते. १९८३ च्या दुरुस्तीने कमाल तीन ठरल्या, परवान्याचे किमान वय १६ वरून २१ झाले, आणि खासगी विक्रीआधी द्यायच्या लेखी सूचनेची मुदत ४५ दिवस झाली. ही शेवटची अट आजही हमखास मोडली जाते. दोघांकडे परवाने आहेत म्हणून बंदूक परस्पर हातोहात देता येत नाही. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना आधी लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याच दशकात परदेशी शस्त्रांची आयात आवळली गेली, त्यामुळे जुनी विलायती रिव्हॉल्व्हरे अवाच्या सवा किमतीला जाऊ लागली आणि नव्या परवानाधारकांची भिस्त कानपूर-इशापूरच्या आयुध कारखान्यांवर आली.

१५ जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांनी १९६२ चे नियम मोडीत काढले. अर्ज ए-१ नमुन्यात आला. त्यासोबत हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडायचे. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीकोशातला 'यूआयएन' क्रमांक असणे सक्तीचे आहे. जुन्या, हाताने लिहिलेल्या पुस्तकावर हा क्रमांक नसेल तर नूतनीकरण तर दूरच, परवानाच बाद ठरतो. छऱ्याच्या बंदुकीबाबतही याच नियमांनी रेघ ओढली : .१७७ पेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो.

१४ डिसेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने तीनची मर्यादा दोनवर आणली. सरकारचा मूळ प्रस्ताव एकाचा होता. तिसरे हत्यार असलेल्यांना ते जमा करायला वर्षभर दिले गेले. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, हा एवढाच दिलासा. विनापरवाना बंदुकीची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झाली. लग्न-वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सही कोणाची?

कायद्यात परवाना देणारा 'जिल्हादंडाधिकारी', म्हणजे आपला कलेक्टर. पण जिथे पोलीस आयुक्त नेमलेला आहे तिथे जिल्हादंडाधिकारी याचा अर्थ आयुक्त, असे व्याख्येतच लिहिले आहे. त्यामुळे ठाणे जिल्ह्यात प्रत्येक फेररचनेबरोबर सही करणारा बदलत गेला. १९८१ मध्ये ठाणे आयुक्तालय झाले आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ-बदलापूर हा शहरी पट्टा कलेक्टर कचेरीतून आयुक्तांकडे गेला. १९९४ मध्ये नवी मुंबई आयुक्तालय झाले, त्यात ठाणे जिल्ह्यातली वाशी-बेलापूर आणि रायगड जिल्ह्यातले पनवेल-उरण एकत्र आले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय आले. शहापूर-मुरबाड अजून ठाण्याच्या कलेक्टरांकडेच आहेत.

याचा त्रास होतो तो जुन्या परवान्यांना. आजोबांनी कोर्ट नाक्यावर कलेक्टरकडून काढलेला परवाना, मुलगा राहतो नेरुळला, आधार कार्डावर पत्ता डोंबिवलीचा. मग मूळ नोंदवही एका कार्यालयात, पडताळणी दुसऱ्यात, नूतनीकरण तिसऱ्यात. पत्ता बदलला की ३० दिवसांत जुन्या आणि नव्या दोन्ही कार्यालयांना कळवायचे असते. नेमकी हीच पोच बहुतेकांकडे नसते, आणि नूतनीकरणाच्या वेळी तिच्यावरूनच कारणे दाखवा नोटीस निघते. नकार मिळाला तर कारणे लेखी मागावीत. कलेक्टरांच्या नकारावर अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात, आणि पोलीस आयुक्तांच्या नकारावर मंत्रालयात गृह विभागाकडे. चुकीच्या दारात दिलेल्या अपिलात मुदत वाया जाते.

हत्यारबंद सुरक्षारक्षक ठेवणाऱ्या गोदाम, सराफी पेढी किंवा सोसायटीने इथे विशेष सावध राहावे. रक्षकाचा परवाना परराज्यातला असेल तर तो महाराष्ट्रात चालतो का, हे परवान्याच्या क्षेत्राच्या रकान्यात पाहावे, यूआयएन तपासावा आणि स्थानिक पोलिसांकडे नोंद झाली आहे का ते विचारावे. फक्त एका जिल्ह्यापुरत्या परवान्यावरची १२ बोअर भिवंडीच्या गोदामावर उभी असेल तर ती विनापरवानाच धरली जाते. जम्मू-काश्मीरमधून वाटलेल्या परवान्यांची सीबीआय चौकशी सुरू झाल्यापासून बाहेरच्या परवान्यांकडे पोलीस अधिकच बारकाईने पाहतात.

बाळगणे आणि घेऊन फिरणे

परवाना असला तरी हत्यार उघडे मिरवता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी ते पूर्ण झाकलेले, होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत आणि स्वतःच्या ताब्यात हवे. कमरेला खोचून शर्ट वर सारणे हा रुबाब शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली परवाना निलंबित व्हायला पुरेसा आहे. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. ठाणे आणि नवी मुंबईचे आयुक्त सण, मोर्चे, परीक्षा यांच्या आगेमागे या कलमाखाली मनाई आदेश काढतात. एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांची असल्याने ते वरचेवर निघतात. स्थानिक बातम्यांत 'शस्त्र अधिनियम कलम ३, २५ सह पोलीस कायदा कलम ३७(१)(३), १३५' अशी जी जोडगोळी दिसते ती यातूनच येते. शेतीचा कोयता शस्त्राच्या व्याख्येत बसत नाही, पण मनाई आदेशात रस्त्यावर तोच कोयता हातात घेऊन फिरणे बसते.

निवडणुकीत हत्यार जमा करण्याचा प्रकार पूर्वी सरसकट चालायचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००९ मध्ये निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर असलेले, दंगलीची पार्श्वभूमी असलेले अशांची हत्यारे जमा करायची, बाकीच्यांच्या बाबतीत गरज पाहून ठरवायचे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यातून फोन सगळ्यांनाच जातो. जमा करताना हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि हत्याराची स्थिती लिहिलेली पावती घ्यावी. दोन महिने ओलसर मुद्देमाल खोलीत पडलेल्या नळीला गंज धरला तर कागदावर काही असलेले बरे. बँक किंवा सराफीच्या रक्षकांना यातून सूट मागता येते, पण ती आधी अर्ज करून.

सर्वाधिक गफलत होते ती परवानाधारक वारल्यावर. परवाना माणसाबरोबर संपतो, बंदूक कपाटात राहते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. मूळ धारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षे हत्यार बाळगले असेल तर तो हयात असतानाही वारसाच्या नावे अर्ज करता येतो, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी हीच वाट धरावी. वारशाचे हत्यारही दोनच्या मर्यादेत मोजले जाते. बोअर मात्र आधी तपासा. लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांचे .४५५ किंवा .३८० चे वेब्ली रिव्हॉल्व्हर असेल तर तो प्रतिबंधित बोअर आहे, त्याचा परवाना आयुक्त देऊ शकत नाहीत, प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. तोवर ते पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडेच राहायला हवे. घरात सापडले तर वारसावर लागणारे कलम साध्या विनापरवाना बंदुकीचे नसते, प्रतिबंधित शस्त्राचे असते, आणि तिथली किमान शिक्षाच सात वर्षांची आहे.