लिटल बॅले ट्रुप

भारतीय नृत्यनाट्याची एक अग्रगण्य संस्था. नर्तक व नृत्यरचनाकार शांती बर्धन (१९१६–१९५४) यांनी ती १९५२ साली मुंबईत स्थापन केली. नावात बॅले असला, तरी पायाच्या बोटांवर तोल सांभाळणाऱ्या युरोपीय बॅलेशी तिचे नाते नाही. नृत्य आणि संगीतातून सलग कथा उलगडणारा प्रयोग, या अर्थाने हा शब्द आधुनिक भारतीय नृत्याचे प्रवर्तक उदय शंकर यांच्या काळापासून आपल्याकडे रुळला आहे.

बर्धन मूळचे (आताच्या बांगलादेशातील) कोमिल्ल्याचे. अलमोड्याच्या उदय शंकर केंद्रात काम केल्यानंतर ते इप्टाच्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेच्या) मध्यवर्ती पथकात आले. अंधेरीत या पथकातले कलावंत एकाच घरात राहत आणि तिथेच तालीम करीत. रविशंकरांचे संगीत असलेले ‘इंडिया इम्मॉर्टल’ (१९४५) हे नृत्यनाट्य याच घरात घडले. सहजीवनाची ही सवय पुढे लिटल बॅले ट्रुपनेही उचलली. ट्रुप उभा राहिला, तेव्हा बर्धन क्षयाने पोखरले गेले होते.

अशा अवस्थेत त्यांनी ‘रामायण’ रचले. त्यात माणसांनी कठपुतळ्या व्हायचे होते. चेहऱ्यावर मुखवटा असल्यामुळे डोळ्यांचा आणि ओठांचा अभिनय संपला. उरली मान, खांदे, कोपर, मनगट. हात वर जाई तो दोरीने ओढल्यासारखा, कोनात, झटक्याने. मान वळे ती धडाला मागे ठेवून. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. नर्तकाच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन, म्हणजे चेहराच, काढून घ्यायचा आणि तरीही सीतेचे दुःख प्रेक्षकापर्यंत पोहोचवायचे, हे धाडस विलक्षणच म्हटले पाहिजे. मुखवटे आणि वेशभूषेत अप्पुन्नी कर्था यांचा मोठा वाटा होता.

‘पंचतंत्र’ या दुसऱ्या गाजलेल्या रचनेत बर्धन पशुपक्ष्यांच्या हालचालींकडे वळले. ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. संस्था जेमतेम दोन वर्षांची होती. ती तेव्हाच मोडली असती, तर नवल नव्हते. पत्नी गुल बर्धन आणि नृत्यरचनाकार प्रभात गांगुली यांनी ती सावरली. १९६४ मध्ये ट्रुप ग्वाल्हेरला गेला. तेथून पुढे तो भोपाळला स्थिरावला आणि ‘रंगश्री लिटल बॅले ट्रुप’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

‘रामायण’ देशात व परदेशात अनेक दशके होत राहिले. मूळ संचातले नर्तक थकले, नवे आले. कोपराचा कोन आणि मानेचा झटका मात्र जुन्यांनी नव्यांच्या अंगात उतरवला. ही परंपरा टिकवण्यात गुल बर्धन यांचे आयुष्य गेले. त्यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भोपाळमध्ये त्यांचे निधन झाले.