‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ म्हणजे नेमके कोणते?

साठी ओलांडलेल्या दोन गृहस्थांचे ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ झाले, एक आठवड्याभरात फिरायला लागले आणि दुसऱ्यांना महिनोन्महिने पॅड वापरावे लागले, असे ऐकले की दोष सर्जनला दिला जातो. बहुतेकदा त्या दोन शस्त्रक्रियाच वेगळ्या असतात.

पहिली ‘टीयूआरपी’, म्हणजे दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन. वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथीचा आतला भाग वाढून लघवीचा मार्ग दाबला जातो. ही वाढ कर्करोगाची नसते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, नारळ खोवताना करवंटी राहू द्यावी तसा, तेवढा आतला भाग काढला जातो. पोटावर टाका पडत नाही आणि लघवीसाठी घातलेली नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते. लघवी रोखणारा बाहेरचा स्नायू शाबूत राहत असल्याने कायमची गळती क्वचितच होते. मात्र मूत्राशयाचे तोंड सैल झाल्यामुळे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. हा परिणाम बऱ्याच जणांत दिसतो, निरुपद्रवी असतो, पण आधी सांगितला नसेल तर माणूस घाबरतो.

दुसरी ‘रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी’ ही कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना केली जाते. तीत संपूर्ण ग्रंथी वीर्यकोशांसह काढून मूत्राशय थेट मूत्रमार्गाला जोडतात, आणि हा सांधा भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, नळी ठेवतात. लघवी रोखण्याचा सगळा भार आता बाहेरच्या एकाच स्नायूवर येतो, म्हणून खोकताना, शिंकताना किंवा खुर्चीवरून उठताना लघवी निसटते. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते. पुढे वर्षभरात बहुतेकांची स्थिती सुधारते आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम त्यासाठी उपयोगी पडतात, पण काहींची गळती राहतेच.

लैंगिक परिणामांची गोष्ट आपल्याकडे दवाखान्यात कोणी मोकळेपणाने काढत नाही, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. ताठरता आणणाऱ्या नसा ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून जातात. अमेरिकन सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये त्या वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ करण्यास आरंभ केला. तरीही गाठ नसांना भिडली असेल तर त्या काढाव्याच लागतात. वाचवलेल्या नसाही ताणामुळे मंदावतात, आणि ताठरता परत यायला दोन वर्षेही लागू शकतात. कधी ती पुरती येतही नाही. वीर्य मात्र कायमचे थांबते, कारण ते तयार करणारे अवयवच उरत नाहीत, पण कामतृप्तीची संवेदना राहू शकते. रोबोटच्या मदतीने शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव कमी होतो हे खरे, परंतु गळती आणि ताठरतेचा त्रास या दोन परिणामांतून तो सुटका करतो असे समजू नये. मला तर यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव विचारणे अधिक शहाणपणाचे वाटते.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचे रक्तातील प्रमाण. त्याच्या तपासणीचा अर्थही दोन्ही शस्त्रक्रियांनंतर बदलतो. रॅडिकल शस्त्रक्रियेनंतर पीएसए जवळजवळ शून्यावर यावे लागते आणि ते पुन्हा ०.२ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरपर्यंत चढले तर रोग परतल्याची शंका घेतात. टीयूआरपीनंतर ते कमी होते, शून्य होत नाही, आणि कर्करोग जिथे बहुधा उगवतो तो ग्रंथीचा बाहेरचा भाग जागेवरच असल्याने ‘ऑपरेशन झाले, आता कर्करोग होणार नाही’ हा समज चुकीचा ठरतो. शिवाय खरवडलेल्या तुकड्यांत कधीकधी अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो, म्हणून त्यांचा पॅथॉलॉजी अहवाल डॉक्टरांकडून आवर्जून मागून घ्यावा.