मनोरुग्णालयात भरती: ‘सही कोणाची?’ इथेच बहुतेकांचं अडतं

रात्री अकराला रिक्षातून रुग्णाला घेऊन येतात. सोबत दोन भाऊ, बहीण, शेजारी आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डाच्या चार झेरॉक्स. भरतीच्या टेबलावर मी पहिला प्रश्न विचारते, ‘यांचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण?’ सगळे एकमेकांकडे बघतात. मग धाकटा म्हणतो, ‘आम्ही सगळेच की.’ तसं चालत नाही. प्रतिनिधी म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारा, ठरलेला माणूस.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू 29 मे 2018 पासून. तरी अजून लोक जुन्या कायद्यातली कोर्टाची ऑर्डर शोधत फिरतात. कोणी तरी वकील गाठतं, पैसे जातात. नातेवाईक रुग्णाला घेऊन आले असतील तर भरतीसाठी ऑर्डर लागत नाही.

आधी भरतीचा प्रकार ठरतो. रुग्णाला उपचार समजतात, परिणाम कळतात आणि आपला निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही सांगता येतो, तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि डिस्चार्जही स्वतःच मागतो. नातेवाइकांना हे पटत नाही, ‘तो काहीही बोलतो’ म्हणतात. पण निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं धरता येत नाही. पूर्वी कधी भरती झाला होता, हेही पुरेसं कारण नाही.

हे जमत नसेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःकडे बघणंच थांबून स्वतःला धोका असेल, तरच सपोर्टेड अ‍ॅडमिशन, म्हणजे प्रतिनिधीच्या आधाराने भरती. अर्ज प्रतिनिधीचा. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचं: एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असलेली मनोरुग्ण परिचारिकाही त्या दुसऱ्या जागी बसते. तेव्हा सिस्टर प्रश्न विचारतात तो टाइमपास नसतो. झोप, जेवण, शेवटची गोळी कधी घेतली, जीव देण्याचं बोलणं झालं का, हे रुग्णाला विचारू द्या. ‘त्याला काय विचारता, मी सांगते ना’ म्हणणारी आई मला रोज भेटते. आईचं म्हणणंही ऐकतो, पण नंतर. गोळ्यांची रिकामी पाकिटं मात्र आणाच, जुन्या चिठ्ठ्यांवरून डोस कळत नाही.

आता ते प्रतिनिधीचं पत्र. हा कागद फार कमी लोकांकडे असतो आणि करायला दहा मिनिटं लागतात. साधा कागद, रुग्णाची सही किंवा अंगठा, ‘अमुक माझा प्रतिनिधी’ एवढंच. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. ज्याला नेमलं तो सज्ञान असावा आणि त्याने तयारी लेखी द्यावी. माणूस बरा असताना करा, पत्र करून झाल्यावर झेरॉक्स घरात दोघांकडे ठेवा. मत बदललं तर रुग्ण कधीही ते रद्द करू शकतो. पत्र नसेल तर आगाऊ निर्देशात (आपले उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) नेमलेला, नाहीतर नातेवाईक, मग काळजीवाहक, आणि तेही नसतील तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ (अशा भरत्या तपासणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) माणूस नेमतं. पण तीन भावांतला नातेवाईक कोणता, हे कायदा ठरवून देत नाही, आणि भांडण नेमकं तिथेच पेटतं. एकदा दोन भावांची ‘मी थोरला’ वरून तासभर जुंपली होती, रुग्ण बाकावर झोपून गेला.

दुसरी चूक 30 दिवसांची. 30 दिवस ही सपोर्टेड भरतीच्या मुदतीची मर्यादा आहे, बुकिंग नव्हे. उपचारांना संमती प्रतिनिधीने दिली असेल तर दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासली जाते. अटी संपल्या की ही भरतीही संपते. ‘महिनाभर ठेवा, घरी लग्न आहे’ असं सांगणाऱ्यांना काय उत्तर द्यावं हेच कळत नाही.

आणि सणाला घरी आणायचं म्हणून डिस्चार्ज घेतला, चार दिवसांनी परत आणलं, तर सावध. डिस्चार्जपासून सात दिवसांच्या आत सपोर्टेड भरतीच्या याच कलमाखाली पुन्हा भरती होत नाही. मग 30 दिवसांवरच्या मुक्कामाची वाट धरावी लागते: दोन मनोविकारतज्ज्ञांनी तपासायचं आणि मंडळाची परवानगी. रात्री दुसरा तज्ज्ञ कुठून आणायचा, हे विचारायला कोणतं ऑफिस उघडं असतं?

सपोर्टेड भरतीची खबर पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यायची असते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. हे काम रुग्णालयाचं. पण पाठवली का, विचारा, आणि तारीख लिहून घ्या. भरती चुकीची वाटली तर रुग्णाने, प्रतिनिधीने थेट मंडळाकडे अर्ज करावा. फी नाही. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत हा हक्क आहे. वॉर्डातली सिस्टर तो अर्ज लिहायला कागद देत नसेल तर वहीचं पान फाडा आणि त्याच पानावर लिहा.