जनुकीय आजारांची घरात दिसणारी पहिली लक्षणे

बाळाच्या जनुकांत जन्मतःच असलेल्या दोषाच्या ज्या खुणा रुग्णालयातल्या तपासणीच्या आधी घरच्या माणसांच्या हाताला, नाकाला किंवा डोळ्यांना जाणवतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. असे बाळ जन्मताना बहुधा धडधाकट दिसते. चयापचयाच्या आजारांत तर तसे दिसणारच, कारण पोटात असेपर्यंत बाळाला न पचणारी द्रव्ये नाळेवाटे आईचे शरीर काढून टाकत असते. नाळ कापली आणि अंगावरचे दूध सुरू झाले की मग दोष उघडा पडतो. त्या वेळी बाळाजवळ डॉक्टर नसतो. आई, आजी आणि न्हाऊ घालणारी बाई असते.

गोव्यातल्या अनेक घरांत आजही बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला वयजीण येते. ती न्हाणीत पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला नडग्यांवर पालथे घालते आणि कोमट खोबरेलाने पाठीपासून टाचेपर्यंत रगडते. शेजारी भाणात पाणी वाफाळत असते. एरवी बाळ पाय झाडते, अंग आखडते, घर डोक्यावर घेते. असे शेकडो देह हाताखालून गेलेल्या बाईच्या हाताला निराळे बाळ लगेच कळते. काखेत हात घालून उचलले की ते निसटू पाहते, तळव्यावर पालथे धरले तर ओल्या फडक्यासारखे दोन्हीकडे लोंबते. उताणे ठेवल्यावर पाय बेडकासारखे बाहेर पडतात, रडणे क्षीण असते. ‘अंगात जीवच नाही गं हिच्या’ हे तिचे वाक्य घरात अशुभ म्हणून दडपले जाते. वैद्यकात त्याच निरीक्षणाला स्नायूंचा सैलपणा म्हणतात आणि ते फार मोलाचे असते.

सैलपणाची कारणे अनेक आहेत. डाउन सिंड्रोम हे त्यांतले एक. त्यात २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, हे १९५९ मध्ये झेरोम लेज्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अशा सुमारे निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मदोष असतो, म्हणून हृदयाची तपासणी लगेच करावी लागते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आजाराचे चित्र वेगळे असते. त्यातले बाळ चेहऱ्याने टवटवीत असते, डोळ्यांनी आईचा पाठलाग करते, हसते, पण मान धरत नाही. श्वास घेताना छाती आत जाते आणि पोट वर येते, जिभेवर बारीक थरथर दिसते. पाचव्या गुणसूत्रावरच्या एसएमएन-१ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याने मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत जातात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. या आजाराची औषधे २०१६ पासून मिळू लागली, पण ती उरलेल्या पेशी वाचवतात. म्हणून ‘आणखी दोन महिने वाट पाहू’ हा प्रेमाने दिलेला सल्ला येथे सर्वांत महाग पडतो.

नाकाने ओळखलेल्या आजारांचा इतिहास बहुतांशी आयांचा आहे. नॉर्वेतल्या एका आईला आपल्या दोन मुलांच्या लघवीला कुबट वास येतो असे वाटे. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटली होती. अनेक डॉक्टरांनी तिच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. आस्ब्यर्न फोलिंग यांनी दिले आणि १९३४ मध्ये फिनाइलकीटोन्यूरिया या, प्रथिनांतले फिनाइलअलानीन हे द्रव्य न पचण्याच्या आजाराचे वर्णन जगासमोर आले. पुढे इंग्लंडमध्ये अशाच एका मुलीची आई रोज सकाळी डॉक्टर होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहू लागली. नुसते निदान तिला नको होते, उपाय हवा होता. तिच्या हट्टातून फिनाइलअलानीन कमी असलेला आहार तयार झाला आणि १९५३ मध्ये त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. आज हा आहार जन्मानंतर लगेच सुरू केला तर मूल सर्वसाधारण बुद्धीने वाढते.

दुसरा वासाचा आजार मेपल सिरप युरिन डिसीज. यातही प्रथिनांतली काही द्रव्ये बाळाला पचत नाहीत. नावातला पाक आपल्याकडे कुणी पाहिलेला नसतो, पण वास ओळखीचा आहे: करपलेल्या साखरेचा, काहीसा मेथीचा. तो लघवीला येतो, कानातल्या मळालाही येतो. पहिल्या आठवड्यातच बाळ दूध ओढेनासे होते, मलूल पडते, मधूनच अंग ताठ करून कर्कश रडते. गोव्यात येथे एक गुंता होतो. बाळंतिणीला मेथीची पेज दिली जाते आणि आईने मेथी खाल्ली तर निरोगी बाळालाही हुबेहूब तसाच वास येऊ शकतो, कारण दोन्हींतले वासाचे द्रव्य एकच, सोटोलोन. त्यामुळे केवळ वासावरून घाबरू नये. मात्र वास आहे आणि बाळ दूधही सोडते आहे, असे असेल तर मेथीकडे बोट दाखवून घरी थांबू नये. त्याच दिवशी रक्ताची तपासणी व्हावी आणि आईने काय खाल्ले होते तेही डॉक्टरांना सांगावे.

बाळाला पहिले काही दिवस जुने, मऊ कपडे घालायची चाल आहे. कुंच्या आणि दुपटी ट्रंकेतून निघतात. गोव्यातल्या पावसाळी दमटपणामुळे ट्रंकेत बहुधा डांबरगोळ्या असतात. जी-६-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात. डोळे आणि कातडी पिवळी होते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. वाढलेली कावीळ मेंदूला इजा करू शकते. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरची असल्याने मुलग्यांत अधिक दिसते. बाळाचे कपडे साठवताना डांबरगोळ्या मुळीच वापरू नयेत.

डोळ्यांच्या बाबतीत अलीकडे फोन उपयोगी पडला आहे. बारशाला फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाच्या दोन्ही बाहुल्या लालसर चमकतात. एकच बाहुली पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी दिसली, तर ते रेटिनोब्लास्टोमा या पडद्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. कोनामुळेही असे होते, पण निर्णय नेत्रतज्ज्ञांनीच करावा. या कर्करोगाची सुमारे ४० टक्के प्रकरणे आनुवंशिक असतात आणि वेळीच पकडला तर मूल वाचते, अनेकदा डोळाही वाचतो.

उलट, कमरेवरचा निळसर डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो आणि मोठेपणी जातो. तळहातावरची एकच आडवी रेघ निरोगी माणसांतही सापडते. मान धरणे, पालथे पडणे, बसणे यांत चार-सहा आठवडे पुढेमागे होणारच. एक लक्षण सुटे असेल तर धीर धरता येतो. दोन-तीन एकत्र दिसली, किंवा येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर मात्र थांबायचे नाही.

टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेऊन अनेक आजार लक्षणांआधीच शोधता येतात. २००८ मध्ये गोव्याने सरकारी पातळीवर अशी तपासणी सुरू केली, तेव्हा देशात हे काम राज्यभर करण्यात गोवा पुढे होता. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. शंका आल्यास पेडण्यापासून काणकोणपर्यंतची वाट शेवटी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळते. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात नेमलेल्या केंद्रांपैकी मुंबईचे केईएम रुग्णालय कोकण रेल्वेने गाठता येते. धोरणानुसार मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. काही औषधांच्या किमतींपुढे ती अपुरी पडते, हे मान्य करायलाच हवे. जाताना बाळाच्या हालचालींचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा. दवाखान्यात बाळ झोपलेले असते आणि आईच्या शब्दांना पुरावा मागितला जातो.

‘आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं’ हे बहुतेक घरी खरेच असते. वर सांगितलेल्या काही आजारांत आई-वडील दोघेही ठणठणीत वाहक असतात आणि दोघांकडून सदोष प्रत आली तरच बाळ आजारी पडते. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर हा योग वाढतो. ग्रहण, बाळंतिणीचे पथ्य, सटवीचे लिखित यांच्याशी त्याचा संबंध नाही आणि सुनेला बोल लावणे हा उघड अन्याय आहे. अशा जोडप्याला प्रत्येक गर्भारपणात चारात एक धोका नव्याने असतो. पहिले बाळ आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. दोष नेमका माहीत असेल तर पुढच्या खेपेस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वारेचा नमुना घेऊन तपासणी होते. म्हणून बाळ अत्यवस्थ असताना, निदान लागलेले नसले तरी, त्याच्या रक्ताचा नमुना जपून ठेवायला डॉक्टरांना सांगावे. बाळ हाती लागले नाही तरी त्याच्या धाकट्या भावंडाची तपासणी त्या नमुन्यावरून होऊ शकते.