लॅपटॉपमधील रॅम वाढवणे

लॅपटॉपमधील रॅमची पट्टी काढून जास्त क्षमतेची बसवणे किंवा रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक पट्टी घालणे. कामाच्या ओझ्याखाली मंदावलेल्या जुन्या यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढवण्याचा हा सोपा मार्ग आहे. मात्र मंदपणाचे कारण रॅमची कमतरता हेच असेल, तरच त्याचा उपयोग होतो.

चालू प्रोग्रॅम आणि उघडलेल्या फाइली रॅममध्ये असतात. रॅम भरत आली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर हलवते आणि गरज पडेल तेव्हा परत आणते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एक फेरा पुरा करायलाच ११ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे एक लाखपट वेळ लागतो. ब्राउझरचा टॅब बदलताना यंत्र गोठल्यासारखे होते आणि डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, तो यामुळेच. म्हणून खर्च करण्याआधी नेहमीची सगळी कामे उघडून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वापर पाहावा. निम्मी रॅम मोकळी असेल तर नवी पट्टी घेण्यात अर्थ नाही. तेच पैसे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवण्यात घालावेत.

लॅपटॉपच्या पट्टीला सोडिम म्हणतात. रॅमच्या पिढ्यांना डीडीआर२, डीडीआर३ अशी नावे आहेत. डीडीआर२ला २००, डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२ पिना असतात. खाचेची जागाही वेगळी असल्याने एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. खरी फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्हींचा आकार, पिना, खाच सारखीच. पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ व्होल्टवर. फक्त कमी व्होल्टेजसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची पट्टी दिमाखात बसते, पण यंत्र बहुधा सुरूच होत नाही. जुनी पट्टी बाहेर काढून तिच्यावरचे लेबल वाचणे हाच भरवशाचा उपाय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेल्या पट्ट्या शोधतानाही हे लेबलच उपयोगी पडते.

कमाल किती रॅम चालेल हे प्रोसेसर आणि चिपसेट (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारा चिपांचा संच) ठरवतात. इंटेल ९४५ चिपसेटच्या कोअर २ ड्युओ लॅपटॉपमध्ये ४ जीबी बसवली तरी सुमारे ३ जीबीच वापरता येते. ३२-बिट विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्याही ४ जीबीच्या पुढे जात नाहीत. उलट, कंपनीने छापलेली मर्यादा कधीकधी प्रत्यक्षापेक्षा कमी असते. २०१२च्या १३ इंची मॅकबुक प्रोसाठी ॲपलने कमाल ८ जीबी सांगितली होती. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घालून ते १६ जीबीवर व्यवस्थित चालते. शक्य असेल तेव्हा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. त्यामुळे ड्युअल चॅनेल मिळतो, म्हणजे दोन्ही पट्ट्यांमधून एकाच वेळी माहिती घेता येते, आणि रॅममधूनच वाटा घेणाऱ्या अंगभूत ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो.

बसवण्याचे काम काही मिनिटांचे आहे. चार्जर काढावा आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढावी. आत असेल तर तिची जोडणी सोडवावी. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावावा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की जुनी पट्टी आपोआप वर उचलली जाते. नवी पट्टी तिरकी धरून सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवावी, मग क्लिपांचा आवाज होईपर्यंत खाली दाबावी. सुरू केल्यावर पडदा काळा राहिला तर बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. काढून पुन्हा बसवावी. त्यानंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहणे केव्हाही श्रेयस्कर, कारण सदोष रॅम फाइली गुपचूप बिघडवते.

ही सोय आता आक्रसते आहे. जून २०१२मध्ये ॲपलने वर सांगितलेल्या मॅकबुक प्रोबरोबरच रेटिना पडद्याचे मॅकबुक प्रो आणले, आणि त्यातली रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली होती. जुन्या घडणीचे मॉडेल २०१६पर्यंत विकले गेले, पण बाकीच्या कंपन्यांच्या बारीक लॅपटॉपनीही सोल्डरचीच वाट धरली. सोल्डर केलेल्या एलपीडीडीआर या प्रकारच्या रॅम चिपांना जागा आणि वीज कमी लागते, हे खरे. पण खरेदीच्या दिवशी घेतलेली क्षमताच मग शेवटपर्यंत राहते, आणि ग्राहकाचे हे नुकसान मोठे आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली असते आणि जोडीला एक स्लॉट असतो. नेमकी रचना मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. जेडेक या मानक संस्थेने डिसेंबर २०२३मध्ये कॅम२ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार एलपीडीडीआर चिपा स्क्रूने बसवायच्या सपाट मोड्यूलवर येतात आणि बदलता येतात. लेनोवोच्या थिंकपॅड पी१च्या सातव्या पिढीत २०२४मध्ये असे मोड्यूल वापरले गेले.