४८, ‘वाजवी’ आणि ७४ : निवासी डॉक्टरांच्या ताणामागचा जुना वाद

सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. ‘सिव्हिल’मध्ये अक्कलकोट-मंगळवेढ्याचे रुग्ण येतात, तसेच धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीचेही. रुग्णाच्या आजाराची माहिती, म्हणजे हिस्ट्री, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी तेलुगूत घ्यावी लागते. इथे शिकणाऱ्यांच्या मनावरच्या ताणाची बाब कायद्यात आली ती रॅगिंगच्या वाटेने. राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. जात, धर्म, भाषा यांवरून होणारा मानसिक छळ २०१६ मध्ये केंद्रीय नियमांच्या व्याख्येत आला. हे आवश्यकच होते. पण रॅगिंगला आरोपी असतो, थकव्याला नसतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याची खरी झीज ड्यूटीत होते.

रुग्णालयात काम करत शिकणाऱ्या या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात, आणि गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो. फी, हजेरी, थिसिस आणि परीक्षेपुरता तो विद्यार्थी. वॉर्ड चालवताना मनुष्यबळ. कामाचे तास विचारले की तो ‘शिकतोय’, आणि रजा मागितली की ‘ड्यूटी कोण करणार?’ त्यामुळे तासांची मर्यादा कागदावर असूनही ती पाळायला लावणारा कुणी उरत नाही.

ही मर्यादा नवी नाही. १९९२ च्या केंद्रीय निर्देशात सलग काम साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला ४८ तास आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी, असे स्पष्ट होते. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत आकडाच गेला, ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच राहिले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने शिफारशीत आकडा परत आणला, पण आठवड्याला ७४ तासांचा. हे पुढचे पाऊल की मागचे, यावर मतभेद आहेत. आमच्या मते ‘वाजवी’पेक्षा ७४ बरे, कारण आकडा मोजता येतो, पण १९९२ च्या मर्यादेपेक्षा तो २६ तासांनी सैल आहे, हे सांगितलेच पाहिजे.

७४ ची फोड अशी: एक ड्यूटी २४ तासांची, पाच दिवस प्रत्येकी १०, एक दिवस सुट्टी. यात सुट्टी कुठे बसवली यावर सगळे अवलंबून आहे. २४ तासांनंतर लगेच सुट्टी दिली तर ठीक. ती रविवारसाठी राखून दुसऱ्या सकाळी राउंडला उभे केले, तर सलग ३४ तास होतात आणि बेरीज तरीही ७४ च राहते. युनिटला, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या गटाला, आठवड्यात दोन इमर्जन्सी (२४ तासांच्या तातडीच्या ड्यूट्या) असतील तर ४८ आणि चार दिवसांचे ४० मिळून ८८. ‘पोस्ट’च्या, म्हणजे इमर्जन्सीनंतरच्या, दिवशी सकाळी न सोडता दुपारी चारपर्यंत थांबवले आणि सुट्टीही नाही, तर दोन इमर्जन्सींचे ६४ आणि उरलेल्या तीन दिवसांचे ३० धरून ९४. रोस्टर कोण कधी येणार ते सांगतो. कोण कधी सुटला हे त्यात नसते. म्हणून तक्रार करायला पुरावा लागतो, तेव्हा हातात काही नसते.

त्याच कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे नोंदवले. पदवीच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६.२ टक्के होते. भाग ऐच्छिक होता, त्यामुळे हे आकडे सगळ्या विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी दोन गटांतला हा फरक ड्यूटीकडे बोट दाखवतो.

उपचार घ्यायचे तर अडचण घरातलीच. मनोविकार विभाग आपल्याच कॉलेजचा, ओपीडी दिवसा, केस पेपर काढणारे ओळखीचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण ओपीडीबाहेरच्या रांगेत तो कसा पाळणार? २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन म्हणूनच उपयोगी: मोफत, २४ तास, मराठीत आणि केस पेपरशिवाय. विश्रांतीसाठी लांब रजा घ्यायची तर मात्र अर्ज पुन्हा विभागातूनच जातो. वर्षाला किरकोळ रजा २० दिवस, हजेरी किमान ८० टक्के. त्याखाली गेले की परीक्षेला बसणे अडते.