सोलापूरचे सिद्राम कमी का झाले?

सोलापुरात साठी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये सिद्राम, सिद्धाराम, सिद्धप्पा ही नावं अजून सहज कानावर पडतात. कोकणात किंवा खानदेशात हेच नाव सांगितलं तर समोरचा माणूस दोनदा विचारतो. बालवाडीच्या हजेरीपटावर मात्र सोलापुरातही ते विरळाच. याचं ठरलेलं उत्तर असं, की लोकांची श्रद्धा कमी झाली. मकर संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या, म्हणजेच सिद्धरामांच्या, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज या उंच काठ्यांमागे लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हे उत्तर पटणार नाही. देवावरची श्रद्धा जागच्या जागी असताना देवाचं नाव घराघरातून कमी होऊ शकतं. ते कसं, हे गणिताने बऱ्यापैकी समजावता येतं.

आधी नाव कुठून आलं ते पाहू. सिद्धराम हे बाराव्या शतकातले शिवयोगी. तेव्हाची सोन्नलगी म्हणजे आजचं सोलापूर ही त्यांची कर्मभूमी. तिथला तलाव त्यांनी खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असं परंपरा सांगते. बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांचे ते समकालीन. त्यांची कन्नड वचनं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या नाममुद्रेने संपतात. यातला मल्लिकार्जुन श्रीशैलचा. तेराव्या शतकात राघवांक या कन्नड कवीने त्यांचं चरित्र काव्यात लिहिलं. म्हणजे हे नाव लेखी स्वरूपात निदान आठशे वर्षं चालत आलेलं आहे.

कन्नड बोलीत महाप्राण, म्हणजे ध-भ यांसारखी ‘ह’ मिसळलेली, अक्षरं सैल होतात, म्हणून सिद्धचं सिद्द होतं. मराठी तोंडात मधला स्वर गळतो आणि सिद्दरामचं सिद्राम होतं. मराठी लेखणीने आणखी एक रूप तयार केलं, ते सिद्धाराम. याच मुळाला कन्नडची नातेवाचक शेपटी लागली की सिद्धप्पा, सिद्धण्णा, सिद्धय्या, आणि बायकांत सिद्धव्वा. अप्पा म्हणजे वडील, अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अव्वा म्हणजे आई. २०२३ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले सिद्धरामय्या यांचं नाव हेच, फक्त शेपटी ‘अय्या’ची. मैसूरजवळच्या त्यांच्या जन्मगावाचं नावसुद्धा सिद्धरामनहुंडी आहे. सोलापूरच्या योग्याचं नाव शेकडो किलोमीटर दक्षिणेला गावाला आणि माणसाला मिळालं, आणि उत्तरेला बीड-नगरच्या पुढे फारसं सरकलं नाही. नावांना राज्याची हद्द अडवत नाही, भाषेची अडवते.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. ही नावं जन्मराशीच्या अक्षरावरून आली असतील, असं काहींना वाटतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. त्यात ‘सि’ हे शतभिषा नक्षत्राच्या एकाच चरणाला येतं. अक्षर काटेकोर पाळलं असतं तर दर १०८ मुलांमागे साधारण एकाच्या वाट्याला ‘सि’ आलं असतं, आणि त्या एकातही सिद्राम, सीताराम, सिद्धार्थ असे वाटेकरी. ही नावं मुख्यतः नवसाने आणि आजोबांकडून आली.

आता मोजणीकडे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग १८८० पासूनच्या जन्मांची नाववार आकडेवारी प्रसिद्ध करतो. एका वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना मिळालेलं नाव तेवढं वगळतो. आपली जनगणना नाववार तक्ते प्रसिद्ध करत नाही. पण मतदार यादी सगळ्यांना पाहता येते. तिच्यात नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. वयावरून जन्माचं दशक निघतं. शिवाय वडिलांच्या नावामुळे एकाच यादीतून दोन पिढ्या हाताला लागतात.

रीत सोपी आहे, खड्डे मात्र पुष्कळ. एका यादी-भागात, म्हणजे एका मतदान केंद्राच्या यादीत, साधारण हजार मतदार धरा. निम्मे पुरुष, म्हणजे पाचशे. ते पाच-सहा दशकांत वाटले की एका दशकाच्या वाट्याला नव्वदच्या आसपास येतात. एवढ्यावर काहीच ठरत नाही. वीस भाग घेतले तर दर दशकाला सुमारे १,८०० पुरुष मिळतात. समजा, एका दशकात त्यात ९ सिद्राम निघाले आणि पुढच्या दशकात ४. नाव निम्म्याहून खाली आलं असं म्हणायचा मोह होतो. थांबा. लहान मोजणीतली स्वाभाविक चढउतार त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, आणि तिच्या दुप्पट इकडे-तिकडे जाणं सहज शक्य असतं. नऊचं वर्गमूळ तीन, म्हणून खरा आकडा ढोबळमानाने ३ ते १५ मध्ये कुठेही असू शकतो. चारचा ० ते ८ मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. नमुना चौपट करून, म्हणजे ऐंशी भाग मोजून, ३६ आणि १६ असे आकडे आले तरच घट खरी मानायची. आणि १,८०० पैकी एकही सिद्राम सापडला नाही तर ‘नाव संपलं’ असं लिहू नये. शून्य सापडल्यावर वरची मर्यादा साधारण तीन भागिले नमुना इतकी धरतात. इथे ती हजारी १.७ येते. दुर्मिळ नावांच्या बाबतीत बहुतेक चुका इथेच होतात.

वडिलांच्या रकान्यात आणखी एक सापळा आहे. चार मुलं असलेला सिद्राम चार ओळींत येतो. स्वतःच्या ओळीत एकदा आणि बायकोच्या ओळीत पती म्हणून पुन्हा एकदा. आडनाव आणि घर क्रमांक जुळवून ही पुनरावृत्ती काढली नाही तर जुन्या पिढीतली लोकप्रियता फुगते आणि घट आहे त्याहून मोठी दिसते. बायकांच्या नावांची मोजणी तर मतदार यादीवरून करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नात नाव बदलायच्या चालीमुळे माहेरची सिद्धव्वा सासरी वेगळ्याच नावाने नोंदलेली असू शकते. त्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर बरं, फक्त त्यातल्या जुन्या जन्मतारखांपासून सावध राहायचं. गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या १ जूनच्या तारखा महाराष्ट्रभर आहेत, आणि तारखेबरोबर सालही अंदाजाचंच असतं. म्हाताऱ्या मतदारांची वयं ६०, ६५, ७० अशी गोल आकड्यांवर गोळा झालेली दिसतात. म्हणून वर्षवार आलेख काढत बसू नये, दशकवार काढावा.

शोध घेताना नावाची फक्त सुरुवात देऊन मोजणी केली तर निकाल पार बिघडतो. ‘सिद्’ने सिद्धार्थ येतो, तो बुद्धांच्या नावावरून, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात त्याचा वेगळाच इतिहास आहे. सिद्दीकही येतो, तो अरबीतला, त्याचा सिद्धाशी काही संबंध नाही. नमुना कुठून घेतला यावरही सगळं अवलंबून आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावंच पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. एका गावची चार माणसं, नावांचे चार उगम. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत नरसय्या, राजय्या भेटतील. फक्त बाळीवेस आणि उत्तर कसब्यात मोजणी केली तर अख्खं शहर सिद्धरामाच्या नावाचं वाटेल, आणि फक्त पूर्व भागात केली तर नाव कधी होतं की नाही अशी शंका येईल.

नाव एका पिढीतून दुसरीत कसं जातं, हा पुढचा प्रश्न. आडनावं का नामशेष होतात याचं गणित १८७० च्या दशकात गाल्टन आणि वॉटसन यांनी मांडलं. तेच पहिल्या नावाला लावता येतं, कारण इथल्या अनेक घरांत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची चाल होती. समजा, एका सिद्रामचं नाव पुढे सरासरी एका नातवाला मिळतं. सरासरी एक असली तरी कुणाला दोन मिळतील, कुणाला एकही नाही. एकही न मिळण्याची शक्यता जवळजवळ ३७ टक्के निघते. गावात एकच सिद्राम असेल तर दोन पिढ्यांत नाव पुसलं जाण्याची शक्यता तीनात एकाहून जास्त. दहा असतील तर एकाचंही नाव पुढे न जाण्याची शक्यता वीस हजारांत एक. दुर्मिळ नाव म्हणूनच आणखी दुर्मिळ होत जातं. त्याच्या अर्थात काही खोट असावी लागत नाही.

इथे घाईघाईत एक चुकीचा निष्कर्ष काढला जातो, की कुटुंबं लहान झाली म्हणून ही नावं गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७. जोडप्यामागे मुलगे सरासरी ०.९ हून कमी, मुलग्यांचे मुलगे ०.८ हून कमी. सिद्रामांची संख्या यामुळे नक्की घटेल. पण सगळ्या नावांतला त्यांचा वाटा? पूर्वी दोन मुलग्यांच्या मिळून चार नातवांपैकी दोन थोरल्यांना आजोबांचं नाव मिळायचं. आज एकुलता नातू हाच थोरला. चाल टिकली असती तर आजोबांच्या नावांचा वाटा उलट वाढला असता. वाटा कमी झाला याचा अर्थ चालच मोडली.

ती मोडायला घरातलीच एक अडचण कारणीभूत ठरली असावी. सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मुलाचं कागदावर नाव सिद्राम, पण आईला हाक मारता येत नाही. म्हणून तो घरात अप्पा, अण्णा, बाळू. नाव नोंदवहीत जिवंत राहायचं, कानावर पडायचं नाही. रोज हाक मारायचं नाव आईबापांनी निवडायचं ठरल्यावर नकलेचा स्रोतच बदलला. आजोबांऐवजी शेजारचं बाळ, आत्याची नात, मालिका आणि मोबाइलवरच्या याद्या.

असं झालं की चढउताराची चालही बदलते. मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली यांनी २००३ मध्ये दाखवलं, की आईबाप आजूबाजूच्या नावांतून यदृच्छया नक्कल करतात आणि थोडे जण नवं नाव काढतात, एवढंच धरलं तरी विसाव्या शतकातल्या अमेरिकी नावांची वाटणी बरीचशी जुळते: थोडी नावं अतिलोकप्रिय, असंख्य नावं अगदी तुरळक. जोना बर्गर आणि गाएल ल मॅन्स यांनी २००९ मध्ये फ्रान्स-अमेरिकेच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट मांडली. झपाट्याने चढलेली नावं तितक्याच झपाट्याने उतरतात, कारण हे खूळ लवकर जाईल असं पालकांना वाटतं. सिद्रामला हा नियम लागत नाही. तो कधी झपाट्याने चढलाच नव्हता.

त्याला लागू पडतो तो ध्वनीचा नियम. नावं एकेकटी नव्हे, एकसारख्या आवाजाच्या गटाने चढतात-उतरतात. २००५ च्या कत्रिना वादळानंतर अमेरिकेत ‘क’ ध्वनीने सुरू होणारी नावं सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली, वादळाचं नाव कुणाला आवडलं म्हणून नव्हे, तर आवाज कानात बसला म्हणून. आपल्याकडे तुकाराम, सखाराम, शांताराम, आत्माराम हा सगळा गट एकाच काळात मागे पडला, आणि सिद्राम त्याच पंगतीतला. दुसरीकडे अप्पा-अय्या-अव्वा ही शेपटी म्हणजे वयाचा दाखला झाली. एकाच नावात दोन्ही उतरते आवाज असणं दुर्मिळ. सिद्धरामय्याला ते जमलंय.

मूळ मात्र शिल्लक आहे. सिद्धेश, सिद्धी ही नावं आज सगळीकडे दिसतात. ती सोलापूरच्या खात्यात टाकायची घाई करू नये. सिद्धी बहुधा ऋद्धी-सिद्धीतली, आणि सिद्धेश कोकणातही भरपूर. सिद्धेश्वर हे पूर्ण नाव साखर कारखान्यावर आहे, मुंबईच्या एक्सप्रेस गाडीवर आहे. रोज हजार तोंडी येतं, पण त्यामुळे बाळांना मिळत नाही. संस्थेचं झालेलं नाव आईबाप सहसा बाळाला ठेवत नाहीत.

आजोबांकडून येणाऱ्या नावाला आणखी एक धोका असतो. त्याचा फेरा पन्नास-पंचावन्न वर्षांचा. १९८० च्या सुमारास जन्मलेल्या नातवाला सिद्राम नाव मिळालं नसेल, तर २०३५ च्या आसपास ज्याचं नाव उचलायचं तो आजोबाच घरात नसेल. पणजोबांचं नाव काढून ठेवणारी घरं असतात, पण ती गणितात अपवाद म्हणूनच धरावी लागतात.

ज्यांना हे नाव ठेवायचंच आहे त्यांनी जन्मनोंदणीत एक काळजी घ्यावी. रुग्णालयातून नोंद जाते तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं आणि रकाना कोरा राहतो. नोंदणीपासून बारा महिन्यांत ते विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. देवनागरी रूप आधी नक्की करा: सिद्राम, सिद्धराम की सिद्धाराम. रोमन लिपीत शेवटच्या दोघांचं स्पेलिंग एकच होतं, कारण तिथे ‘अ’ आणि ‘आ’ला एकच अक्षर आहे, सिद्रामचं वेगळं पडतं. जन्मदाखल्यावर सिद्राम आणि आधारवर सिद्धाराम असं झालं की दहावीच्या अर्जाच्या वेळी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे ठरलेले.